भोपाळच्या वेढ्याचे स्मरण

(जवाहर चौक, भोपाळ येथे मराठी भाषकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या जवाहर चौकात ही सभा भरली आहे, तो चौक तात्या टोपे नगर या वसाहतीत आहे. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या रामचंद्र पांडुरंग टोपे यांचे नाव या वसाहतीस दिले गेले, ही गोष्ट येथे राहणाऱ्या मराठी माणसास अभिमानाची वाटते आणि तशी ती वाटावीही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. भोपाळ त्याची राजधानी झाली. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुराहून कचेऱ्या हलल्या, दप्तरांचे गठ्ठे हलले आणि त्या दप्तरांच्या मागोमाग अनेक मराठी कर्मचाऱ्यांचे संसारही हलले. त्या काळी बांधलेल्या सरकारी निवासस्थानांपैकी बरीचशी अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटी योजनेखाली पाडली गेली. घरे गेली, तरी त्या घरांत वाढलेली माणसे भोपाळचीच होऊन राहिली आहेत.

परंतु मराठी भाषा भोपाळच्या परिसरात प्रथम ऐकू आली ती कचेरीतील कारकुनांच्या तोंडून नव्हे. तत्पूर्वी २१९ वर्षे, १७३७ च्या डिसेंबरात, ती येथे छावणीतून ऐकू आली होती. पहिले बाजीराव पेशवे यांनी निजाम-उल्-मुल्कास याच शहराच्या तटाशी कोंडले आणि तो प्रसंग भोपाळची लढाई या नावाने शालेय पुस्तकांत एक-दोन ओळींत येऊन गेला. २०३७ साली त्या घटनेस ३०० वर्षे पूर्ण होतील. अशा वेळी स्मरणोत्सव होणार, हे उघड आहे. तो कोणत्या स्वरूपाचा असावा, कोठे व्हावा आणि त्यात कोणाचे स्मरण केले जावे, याचा विचार वेळ हाताशी असताना केलेला बरा. कारण ज्या शहराला वेढा पडला त्याच शहरात वेढा घालणाऱ्यांचे वारस आज नांदत आहेत, आणि त्यांचे शेजारी हे वेढ्यात सापडलेल्यांचे वारस आहेत.

प्रथम घटना नीट समजून घेऊ.

१७२८ सालच्या फेब्रुवारीत पालखेड येथे बाजीरावांनी निजामास पाणी आणि दाणागोटा तोडून तहास आणले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याची मोगली सत्ता खिळखिळी केली. सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर हे दोघेही त्या रणात पडले. तेव्हापासून माळव्यात मराठ्यांचे अंमलदार फिरू लागले, चौथाई वसूल होऊ लागली. पण त्यास बादशाही मान्यता नव्हती. दिल्लीचा दरबार कधी वाटाघाटी करी, कधी फौजा पाठवी. १७३७ च्या वसंतात बाजीराव अकस्मात थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले. शहर लुटण्याचा हेतू नव्हता, दरबारास आपले बळ दाखवणे एवढेच मनात होते. दाखवून ते परतले. परंतु त्या दर्शनाने महंमदशाह बादशहा इतका हादरला की, ज्या निजामावर त्याचा विश्वास नव्हता त्यालाच त्याने दक्षिणेतून बोलावून घेतले. जुलै १७३७ मध्ये निजाम दिल्लीस पोचला. त्यास आसफजाह हा किताब मिळाला, आणि माळवा व आग्रा या सुभ्यांचा कारभार त्याच्या मुलाच्या नावे करण्याचे ठरले. मोबदला एकच: मराठ्यांना नर्मदेपलीकडे हाकलून द्यावे.

पावसाळा संपल्यावर निजाम निघाला. बुंदेलखंडाच्या वाटेने तो माळव्यात उतरला. त्याच्याजवळ सुमारे तीस हजारांची फौज आणि त्या काळात नामांकित गणला जाणारा तोफखाना होता. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पुत्राच्या हाताखालील राजपूत होते, बुंदेले होते. पुण्याहून बाजीराव निघाले. त्यांच्या फौजेचा आकडा ऐंशी हजार सांगितला जातो. असे आकडे नेहमीच थोडे सैल असतात. तथापि संख्येने मराठे बरेच अधिक होते याविषयी मतभेद नाही. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी नर्मदा ओलांडली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पिलाजी जाधव हे मातब्बर सरदार या मोहिमेत होते.

या मोहिमेतील एका माणसाचा उल्लेख भोपाळच्या संदर्भात सहसा होत नाही, कारण तो भोपाळास आलाच नव्हता. चिमाजी अप्पा खानदेशात तापीच्या काठी तळ देऊन बसले होते. निजामाचा मुलगा नासिरजंग दक्षिणेतून बापाच्या मदतीस निघाला तर त्यास नर्मदेकडे सरकू द्यावयाचे नाही, हे त्यांचे काम होते. भोपाळच्या वेढ्यात निजामाची जी कोंडी झाली तिची दक्षिणेकडची कडी चिमाजी अप्पांनी धरून ठेवली होती. पाटबंधाऱ्याचा अनुभव असलेल्या कोणाही ग्रामस्थास हे समजेल की, पाणी अडते ते केवळ समोरच्या भिंतीने नव्हे. बाजूची फट बुजवली नाही तर भिंत असून उपयोग नसतो.

निजामाने भोपाळ का निवडले, हेही पाहण्यासारखे आहे. भोपाळचे राज्य तेव्हा अगदी नवे होते. दोस्त महंमद खान या अफगाण सरदाराने ते उभारले, फतेहगड किल्ला बांधला आणि १७२८ साली तो मरण पावला. त्याचा पुत्र यार महंमद खान हा काही काळ निजामाकडे ओलीस होता व निजामाच्याच पाठिंब्याने गादीवर आला होता. अर्थात भोपाळ हे निजामाला आपल्या माणसाचे गाव होते. एका बाजूस तटबंदीचे शहर, दुसऱ्या बाजूस विस्तीर्ण तलाव, समोर ओढा अशी जागा त्याने तळासाठी पसंत केली. तोफांच्या आडोशास सुरक्षित राहावे, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब युद्धशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. मराठ्यांजवळ भारी तोफा नव्हत्या, त्यामुळे तळावर चालून जाणे त्यांना परवडणारे नव्हते. परंतु जी जागा शत्रूस आत येऊ देत नाही ती धान्याच्या गाड्यांनाही आत येऊ देत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात उशिरा आली.

बाजीरावांनी तळाभोवती घोडदळ पसरले. प्रारंभी एक मोठी चकमक झाली. राजपुतांच्या तुकड्यांनी बाहेर येऊन लढाई दिली व त्यांचे बरेच नुकसान झाले. त्यानंतर मोठे रण असे झालेच नाही. जे झाले ते रोजचे, कंटाळवाणे आणि जीवघेणे होते. वैरणीस गेलेली माणसे परत येत ना. रात्री तळात बाण, म्हणजे अग्निबाण, येऊन पडत. उत्तरेकडून कुमक घेऊन येणाऱ्या फौजांना मल्हारराव होळकर आणि यशवंतराव पवार यांनी वाटेतच गाठून पिटाळले. बाजीरावांनी चिमाजी अप्पांस वेळोवेळी जी पत्रे पाठविली त्यांत तळातील अवस्थेचे वर्णन आहे: धान्य रुपयास एक शेर इतके महाग झाले, घोड्यांना झाडपाला घालण्याची पाळी आली, तोफा ओढणारे बैल मारून काही शिपायांनी पोट भरले आणि जे मांसाहार करीत ना त्यांची नुसती उपासमार झाली. ही माहिती शत्रूपक्षाची आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि निजामाने पुढे जे केले ते पाहता तिच्यात फारशी अतिशयोक्ती नसावी.

त्याने जड सामान भोपाळच्या किल्ल्यात टाकले आणि तोफांचे कडे करून त्याच्या आत फौज घेऊन तो उत्तरेकडे निघाला. दिवसाला जेमतेम तीन-चार मैलांची मजल पडे. चारही बाजूंनी मराठे चिकटलेले. अखेरीस भोपाळच्या वायव्येस, आजच्या सीहोर जिल्ह्यातील दोराहा सराई येथे वाटाघाटी पूर्ण झाल्या. बहुतेक पाठ्यपुस्तकांत तहाची तारीख ७ जानेवारी १७३८ अशी दिलेली आढळते. निजामाने स्वहस्ते लिहून दिले की, संपूर्ण माळवा सुभा आणि नर्मदा ते चंबळ या दरम्यानच्या मुलखाचे स्वामित्व पेशव्यांस मिळावे, त्यास बादशहाची मान्यता आपण मिळवून देऊ व युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपये देवविण्याची खटपट करू.

या तहातील एक बाजू शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. निजाम उपाशी होता, अडकला होता; मग त्यास पुरता का संपवला नाही? या प्रश्नाचे उत्तर बाजीरावांनी स्वतःच आपल्या बंधूस कळविले आहे. निजामाचा तोफखाना जबर होता, बुंदेले व राजपूत त्याच्याशी इमानाने राहिले होते, म्हणून याहून अधिक ओढून न धरता आहे त्या अटींवर तह केला, असा त्या पत्राचा आशय आहे. विजयी सेनापती आपली मर्यादा घरच्या माणसास मोकळेपणाने सांगतो, असे कागद इतिहासात फार नाहीत. आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत या पत्राचा उल्लेख क्वचितच होतो. कदाचित मर्यादा ऐकायला कोणी सभेस येत नाही म्हणून असेल.

तहाचे पुढे काय झाले? निजामाने दिलेली आश्वासने लगेच प्रत्यक्षात आली नाहीत. १७३९ च्या फेब्रुवारीत इराणचा नादिरशाह कर्नाळास बादशाही फौजेचा पराभव करून दिल्लीत शिरला आणि मार्चमध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर हजारो नागरिक कापले गेले. त्या प्रलयापुढे माळव्याचा कागद कोणाच्या लक्षात राहणार? २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला. माळव्याची बादशाही सनद १७४१ मध्ये त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव यांच्या काळात मिळाली, तीही नायब सुभेदारीच्या आवरणाखाली. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात भोपाळनंतर माळवा मराठ्यांचा झाला. इंदूरचे होळकर, उज्जैन व पुढे ग्वाल्हेरचे शिंदे, धार व देवासचे पवार या घराण्यांची पाळेमुळे येथे रुजली, आणि आज माळव्यात मराठी आडनावे ऐकून कोणास नवल वाटत नाही त्याचे मूळ याच घडामोडींत आहे.

आता स्मरणाच्या प्रश्नाकडे वळू.

भोपाळला मराठी फौजेचा वेढा एकदाच पडला नाही. ७५ वर्षांनी, १८१२ साली, ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांनी मिळून या शहरास पुन्हा वेढले. शिंद्यांकडून जगू बापू आणि भोसल्यांकडून सादिक अली हे सेनानायक होते. वजीर महंमद खान याने कित्येक महिने शहर लढविले. अन्न संपले, माणसे शहर सोडून गेली, तट जागोजागी ढासळला. तरी शहर पडले नाही. तटावर चढून येणाऱ्यांवर शहरातील स्त्रियांनी दगडांचा वर्षाव केल्याची कथा आजही सांगितली जाते. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात या वेढ्याची हकीकत विस्ताराने दिली आहे. शेवटी १८१३ मध्ये वेढा उठला. ज्या नागपुराहून १९५६ साली दप्तरे आली, त्याच नागपुराहून १८१२ साली तोफा आल्या होत्या. जुन्या भोपाळातील कुटुंबाच्या आठवणीत ‘मराठ्यांचा वेढा’ म्हणजे हा दुसरा वेढा, आणि त्यात अभिमानाची जागा तटावर उभ्या असलेल्यांची आहे. पुण्या-नागपुराकडून आलेल्या कुटुंबाच्या आठवणीत ‘भोपाळची लढाई’ म्हणजे पहिला वेढा, आणि तेथे अभिमान तटाबाहेरच्यांचा. एकाच शाळेतील एकाच बाकावर ही दोन मुले शेजारी बसतात.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, तीनशेव्या वर्षाचे स्मरण चौकात न करता वस्तुसंग्रहालयात करावे. चौकातील सभेस घोषणा लागते, मिरवणूक लागते, ध्वनिक्षेपक लागतो; आणि तीन तासांनी मंडप उतरला की, मागे काही उरत नाही. याच शहरात श्यामला टेकडीवर राज्य संग्रहालय आहे. तेथे अथवा अन्य योग्य अशा संग्रहालयात या दोन वेढ्यांचे एक दालन सिद्ध करता येईल. ते प्रदर्शन काही महिने राहील, गावोगावच्या शाळा ते पाहून जातील, आणि विशेष म्हणजे तेथे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवता येतील.

याबाबतीत बाहेरच्या जगाचा अनुभव उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या सुमारे दीड लाख सैनिकांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरून चढाई केली. तेथील आरोमांश या गावी १९५४ मध्ये, दहाव्या वर्षदिनाच्या सुमारास, त्या चढाईचे संग्रहालय उघडले; इंग्लंडातील पोर्टस्मथ येथे ४० वर्षांनी, १९८४ मध्ये, उघडले. सुरुवातीच्या काळात स्मरण होई ते जहाजांचे, तोफांचे आणि विजयी सेनापतींचे. कां या नॉर्मंडीतीलच शहरात १९८८ साली जे स्मारक-संग्रहालय उभे राहिले त्याने दृष्टी पालटली. हे शहर मुक्त करताना मुक्त करणाऱ्यांच्याच बाँबहल्ल्यांत त्याचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला होता. त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत मरण पावलेल्या सामान्य नागरिकांची संख्या सुमारे वीस हजार मानली जाते. ती माणसे कोणत्याच सैन्यात नव्हती, म्हणून दीर्घकाळ कोणत्याच संचलनात त्यांचे नाव आले नाही. आणि पराभूत जर्मनीचा शासनप्रमुख वर्षदिनाच्या सोहळ्यास प्रथम उपस्थित राहिला तो २००४ साली, म्हणजे ६० वर्षांनंतर. भोपाळच्या बाबतीत ६० वर्षे थांबण्याचे कारण नाही. आपल्याकडे तर सुमारे तीनशे वर्षे होत आली आहेत.

त्याच १९४४ च्या जुलैत इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे ठाणे काबीज करून प्राण ठेवले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मृत्यर्थ एक सूर्यघटिका उभारली. रायगड जिल्ह्यातील एका शेतकरी मुलाचे नाव परक्या देशातील एक लहानसे गाव ७९ वर्षांनी कोरून ठेवते, ते त्या गावावरून युद्ध गेले होते म्हणूनच. ज्यांच्या भूमीवरून फौजा जातात त्यांची आठवण फार लांब असते, आणि प्रसंगी ती उदारही असते.

भोपाळच्या दालनात काय काय असावे, याचा थोडा तपशील येथे दिला तर अस्थानी होणार नाही.

पहिली गोष्ट नकाशा. आज भोपाळ म्हटले की, मोठा तलाव व छोटा तलाव असे दोन जलाशय डोळ्यांपुढे येतात. परंतु छोटा तलाव १७९४ मध्ये दिवाण छोटे खान याने बांधविला. १७३७ च्या नकाशात तो दाखविला तर सगळी लढाई चुकीच्या जागी जाईल. १८१२ च्या नकाशात तो न दाखविला तरी तसेच होईल. दोन्ही नकाशे शेजारी लावले तर शहर ७५ वर्षांत कसे वाढले, हे अक्षर न वाचताही समजेल. नव्या भोपाळची ही तात्या टोपे नगराची वस्ती तेव्हा कोठे होती, असे मुले विचारतील. येथे शहर नव्हते, एवढेच त्यांना सांगावे लागेल. आणि त्यावरून निजामाच्या काळचे भोपाळ किती लहान होते, हेही त्यांना आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट कागदपत्रे. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. मूळ दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मोडी पत्राचे छायाचित्र, त्याखाली त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि शेजारी हिंदी अनुवाद अशी मांडणी केली तर मराठी न जाणणाऱ्यासही ते पत्र वाचता येईल. त्याच्या समोरच्या भिंतीवर दुसऱ्या बाजूची साधने लावावीत. वेढ्यानंतर चार-पाच वर्षांतच, १७४१-४२ च्या सुमारास, रुस्तम अली नावाच्या लेखकाने यार महंमद खानाच्या आश्रयाने भोपाळातच ‘तारीखे हिंदी’ हा फारसी ग्रंथ लिहिला. भोपाळच्या शाहजहान बेगमांनी पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्या राज्याचा इतिहास स्वतः लिहून प्रसिद्ध केला. मराठी माणसांनी हे ग्रंथ वाचावेत आणि भोपाळच्या जुन्या रहिवाशांनी बाजीरावांची पत्रे वाचावीत, अशी सोय एकाच खोलीत झाली तर त्या खोलीचे भाडे वसूल झाले म्हणावयाचे.

तारखांविषयी शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. इंग्लंडात १७५२ पर्यंत जुने पंचांग चालू होते व ते नव्या पंचांगाच्या अकरा दिवस मागे असे. आपल्याकडील तिथींचे इंग्रजी तारखांत रूपांतर करताना काही अभ्यासकांनी जुने पंचांग धरले, काहींनी नवे. त्यामुळे एकाच लढाईची तारीख एका पुस्तकात डिसेंबरच्या मध्यावर आणि दुसऱ्यात महिन्याच्या अखेरीकडे दिसते. विद्यार्थ्याने अशी विसंगती दाखवली तर त्यास गप्प बसवू नये. त्याला शाबासकी द्यावी आणि पंचांगांचा हा घोळ फळ्यावर मांडून दाखवावा. वर्षदिनाची तारीख ठरविणाऱ्या समितीनेही हा प्रश्न आधीच सोडवून घ्यावा, नाहीतर निमंत्रणपत्रिका छापल्यावर वाद सुरू होतात.

तिसरी गोष्ट, आणि ग्रामस्थांच्या दृष्टीने ती पहिली होय: धान्य. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातील काळ्या जमिनीत गहू आणि हरभरा उभा असतो. लाखभर माणसे आणि त्यांची जनावरे या भूमीवर महिनाभर तळ देऊन राहिली. निजामाच्या तळात धान्याचा भाव काय झाला ते पत्रात नमूद आहे. तळाबाहेरच्या गावांत त्या रब्बीचे काय झाले, ते कोणी कोणास कळविले नाही. एवढ्या घोड्यांना वैरण कोठून आली हा प्रश्न विचारला की, उत्तर शेतातच सापडते. दालनात एका तराजूत एक शेर धान्य आणि दुसऱ्या बाजूस त्या काळचा एक रुपया ठेवावा. तलवारी व ढाली प्रत्येक संग्रहालयात असतात. या तराजूसमोर मात्र शेतकरी थांबेल. १८१२ च्या वेढ्यातील उपासमार दाखविण्यासाठीही निराळ्या वस्तूची गरज पडणार नाही. त्याच तराजूचे दुसरे पारडे रिकामे ठेवले की, काम होईल.

अशा दालनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. विजयाचा दिवस विजयासारखा का साजरा करू नये, दुसऱ्याच्या दुःखाची आठवण आपण का ठेवावी, असे कोणी म्हणेल. आक्षेप घेणाऱ्यांस पानिपताकडे बोट दाखविता येईल. १४ जानेवारी १७६१ रोजी जेथे मराठ्यांची एक पिढी कापली गेली, त्या भूमीवर काला आंब येथे स्मारक आहे, आणि दरवर्षी महाराष्ट्रातून माणसे तेथे जाऊन डोके टेकवितात. हरियाणातील स्थानिक लोक त्यांचे स्वागत करतात. तेथे आपण पराभवाचे स्मरण करतो आणि यजमानांनी त्याचा मान राखावा, अशी आपली अपेक्षा असते. भोपाळात आपण स्वतःच यजमान आहोत आणि पाहुणेही. वजीर महंमद खानाच्या शिबंदीने आणि तटावरील स्त्रियांनी जे सोसले त्यास त्याच दालनात जागा देणे हे या दुहेरी नात्यास धरूनच होईल. त्याने पालखेड-भोपाळच्या पराक्रमास तिळमात्र उणेपणा येत नाही. बाजीरावांनी स्वतः निजामाच्या मित्रांचे इमान पत्रात मान्य केले होते, हे वर आलेच आहे.

हे काम एका खात्याचे नाही. मध्य प्रदेशातील पुरातत्त्व व संग्रहालय यंत्रणा, महाराष्ट्रातील पुराभिलेख यंत्रणा, पुण्यात १९१० पासून कार्य करीत असलेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी एकत्र बसावयास हवे. अधिकारी मंडळींच्या ध्यानी असेलच की, दोन राज्यांतील पत्रव्यवहारास किती काळ लागतो. मूळ कागदांच्या छायाप्रतींची मागणी आज नोंदविली तरच ती वेळेवर हाती येण्याचा संभव. मोडी वाचणारे जाणकार शोधून ठेवले पाहिजेत, आणि फारसी वाचणारेही. भोपाळात फारसी-उर्दू जाणणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. मराठी मंडळांनी त्यांच्याकडे आपण होऊन जावे. दालनातील फलक मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत असावेत. अक्षरे मोठी असावीत व फलक मुलांच्या उंचीवर लावावेत; आपल्या संग्रहालयांत ते बहुधा इन्स्पेक्टरच्या उंचीवर लावलेले असतात.

दालन होईल तेव्हा होईल. तोपर्यंत शाळांनी दोराह्याची सहल काढण्यास कोणाची परवानगी लागत नाही. भोपाळहून निघून निजामाची फौज ज्या दिशेने सरकली त्याच दिशेने हा रस्ता जातो. निजामाला लागलेले दिवस आणि बसला लागणारा वेळ यांची तुलना मुलांकडून करून घ्यावी, वाटेतील ओढे मोजून घ्यावेत, आणि हिवाळ्यात गेल्यास रस्त्याकडेच्या शेतकऱ्यास गव्हाचे पीक कोणत्या आठवड्यात किती वाढलेले असते ते विचारून वहीत टिपून आणावे. ती टिपणे दालनाच्या समितीस पाठविता येतील. धान्याच्या त्या तराजूशेजारी लावण्यासारखा मजकूर त्यांत निश्चित सापडेल.